मनगटावरचा फेस

आमच्या गल्लीतल्या सलूनचे दामूअण्णा दाढी करताना वस्तऱ्यावरचा फेस स्वतःच्याच मनगटावर पुसायचे. मला त्याची इतकी किळस यायची की शेवटी मी वस्तरा विकत आणला आणि घरीच शिकायला बसलो.

पहिल्याच फटक्यात हनुवटी कापली. फेस पुसायला हाताशी काही नव्हतं, म्हणून नकळत मनगट पुढे केलं. त्यावर करडा फेस, त्यात खुंट आणि रक्त. सगळं माझंच, तरी मी हात अंगापासून लांब धरला.

बायको दारातून म्हणाली, "शी, आधी धुवा ते."

दोनदा साबण लावला. वीस वर्षं दामूअण्णा हेच मनगटावर घेऊन माझ्या मुलीचे मार्क विचारायचे. आणि मी पैसे त्यांच्या हातात न देता आरशापुढच्या फळीवर ठेवायचो.