गोविंदची पहिली उडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, आणि माझ्या कॅप्टन गोविंदने ज्यांना वेड लावलं त्या पोरांना तर नाहीच. आज सांगून टाकतो.

गोविंद आठवतो ना? मुलांच्या मासिकात त्याच्या अंतराळातल्या साहसांची माझी गोष्ट काही वर्षं चालली. अकोल्याचा पोरगा, जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गंजीत उड्या मारून बिनवजनाचं होणं शिकलेला, मोठेपणी मंगळावर उतरलेला. लोक विचारायचे, हे सुचलं कसं? मी छाती काढून सांगायचो — अहो, त्या उड्या मीच मारल्यात!

साफ खोटं. एकही मारली नाही.

आमचे बाबा एका जिनिंगच्या काट्यावर होते, बैलगाड्यांनी आलेला कापूस तोलायचे. रशियाने आकाशात उपग्रह सोडला ते साल. मी मॅट्रिकच्या वर्गात, आणि वहीत गोविंदचं बालपण लिहीत होतो. वजन नसलं की कसं वाटतं? — तिथेच घोडं अडलं. गंजीवर जायला बाबांची सक्त मनाई. कापूस माणसाला आत ओढतो, नाकातोंडात जातो. मी कसला जातोय! धाकट्या बहिणीला, कुसुमला म्हटलं, तू शेडच्या तुळईवर चढ, उडी मार आणि मला सांग.

बाबा जेवायला घरी गेले की ती चढायची. कापसात गळ्यापर्यंत बुडायची, धडपडत बाहेर यायची आणि सगळं सांगायची — पोटात गोळा कसा येतो, हातपाय आपले वाटेनासे कसे होतात. मी खाली उभा राहून उतरवून घ्यायचो. शब्दसुद्धा बहुतेक तिचेच.

पाचव्या की सहाव्या दिवशी बाबा लवकर परतले. कुसुमच्या केसांत कापूस, परकरावर कापूस. गाडीवाले हसत होते.

"कोनं धाडलं तुले वर?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बाबा माझ्याकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"नाई, बाबा."

वही माझ्या शर्टाच्या आत होती.

पोरगी हाताबाहेर गेली म्हणत बाबांनी तिचं नाव शाळेतून काढलं. आठवीत होती, वर्गात पहिली यायची. मी तोंड उघडलं असतं तर? दोन थपडा बसल्या असत्या, एवढंच ना? पण मी तोंड शिवून बसलो. तीन वर्षांनी तिला अंजनगावला दिलं. आणि माझा गोविंद — तो मॅट्रिक झाला, वैमानिक झाला, यानात बसला.

माहेरी आली की ती अंक मागून घ्यायची. एकदाच म्हणाली, "भाऊ, तुहा गोविंद उडी मारतानी डोये कावून मिटते? मी तं उघडेच ठेवले होते."

डोळ्यांचा तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

लिहिणं जड जाईल असं वाटलं होतं. उलट मोकळं वाटतंय — लाज वाटावी इतकं मोकळं. हा कागद आधी अंजनगावला जाईल, मग इतरांकडे. बाबा आता नाहीत. पण त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर द्यायचं राहिलं होतं.

म्या धाडलं, बाबा.