तांब्या चालला पाहिजे

आमच्या वेल्ह्याकडं स्पीकरची पेटी जमली की नाही, हे कानांनी ठरत नाही. तांब्यानं ठरतं. पेटी घरासमोर उभी करायची, घरात फळीवर रिकामा तांब्या ठेवायचा आणि गाणं लावायचं. तांब्या थरथरत कडेपर्यंत चालत आला आणि खाली पडला, तर पेटी पास. घराचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. मी विचारलं, आवाजाविरुद्ध पत्रकं छापून वाटली, म्हणून मी गावात 'पत्रकवाला' झालो.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, कापूरहोळला फर्निचरचं काम करतो. जत्रेसाठी त्यानं अठरा इंची वूफर आणले आणि पेट्या स्वतःच बनवायला घेतल्या. मी दुकानात गेलो तेव्हा तो टेप लावून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची रुंदी मोजत होता.

"पेटी वूफरच्या मापानं बनवतात दादा, ट्रॉलीच्या न्हाई."

"आलं पत्रक! अरं, पेट्या एकमेकींना खेटून बसल्या पायजेत. मधी फट दिसली तर खालच्या आळीची पोरं हसत्याल."

पत्रकांसाठी जेवढं वाचलं होतं तेवढं त्याला सांगितलं. वूफरचा पडदा पुढंमागं हलतो, आणि पेटीत कोंडलेली हवा त्याला स्प्रिंगसारखी आवरून धरते. पेटी गरजेपेक्षा मोठी झाली की हवा सैल पडते, पडदा भरकटतो. पेटीला हवा बाहेर पडायला एक भोक असतं; ते तेच ठेवून आतली हवा वाढवली, तर पेटी आणखी खर्जात घुमते. तो खर्ज कानाला कमी कळतो, भिंतीला जास्त.

"मंग चांगलंच की!" दादा म्हणाला.

चाचणी झाली दादाच्याच गावातल्या घरासमोर. घर दगडमातीचं. त्यात काकी, म्हणजे दादाची आई, एकटी राहते. बोळाकडच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यापासून पोट आलेलं. भर दुपारी गाणं लागलं, आणि दगडांच्या सांध्यांतून माती सांडायला लागली, चाळणीतून पीठ पडावं तशी. तांब्या चालला. पडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

काकीनं तांब्या उचलून पदरानं पुसला. "पोचा पडला की रं."

"आये, पेटी पास झाली!"

मी हट्टच धरला. तेव्हा दादानं एका पेटीत आतून प्लायचा पडदा ठोकून हवा कमी केली आणि भोक नव्या मापाचं केलं. गाण्यातला शब्द न् शब्द कळला. तांब्या जागचा हलला नाही.

"ही काय लग्नात सनई लावायची पेटी हाय का?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. दादानं एकदा भिंतीच्या पोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि जोर लावून प्लाय उपसून काढला. त्याला कळलं नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

जत्रेच्या दिवशी काकी घर सोडायला तयार नव्हती. "देव दारावरनं जाणार, अन् म्या दार टाकून जाऊ व्हय?"

"पारावरनं ओवाळ," मी म्हणालो. "देवाला काय दिसत न्हाई का तिथनं?"

पुटपुटत, ओवाळणीचं ताट घेऊन ती माझ्याबरोबर समोरच्या पारावर आली. पालखी गेली. तिच्या मागं ट्रॉली बोळात वळली. पेट्या खेटून बसवलेल्या, मधी फट नाही. ताटातलं कुंकू उडायला लागलं. माझ्या बरगड्या आतून कोणीतरी ठोकत होतं. काकीचे ओठ हलत होते, पण ती काय म्हणतेय ते मला कळेना.

मग भिंतीचं पोट फुटलं. वरचे दगड आत कोसळले, जिथं काकीचं अंथरूण असतं तिथं. धूळ वर आली. आवाज आलाच नाही. पेट्यांनी तो गिळला.

नाचणारे नाचत राहिले. दादा ट्रॉलीवर पुढं तोंड करून उभा होता. त्याला पारावर मी दिसलो. मी दोन्ही हात हलवून ओरडत होतो. पेटी कशी वाजतेय तेच सांगतोय असं समजून तो हसला, आणि मला अंगठा दाखवून त्यानं आवाज वाढवला.