आत्याची क्रियापदं

इंग्रजी क्रियापदांवर माझ्या आत्याइतका जीव टाकणारं माणूस नायगावपासून विरारपर्यंत सापडणार नाही. इंग्लंडात सापडेल याचीही मला खात्री नाही. आगाशीला वाडीतल्या घरात ती एकटी राहते. आयुष्यभर मराठी शाळेत तिने इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वर्ग उरला नाही म्हणून दिसेल त्या माणसाला विद्यार्थी मानलं. तिचं म्हणणं असं, की मराठी क्रियापद घरातल्या थोरल्या बाईसारखं असतं, सगळ्यांची पानं वाढून झाली की शेवटी बसतं. इंग्रजी क्रियापद मात्र कर्त्यापाठोपाठ पाटावर बसून घेतं आणि मग आपल्या पंगतीला कोण चालेल ते ठरवतं. 'डिसाइड'ला 'टू' चालतो, 'एन्जॉय'ला तो अजिबात खपत नाही, 'डिपेंड' तर 'ऑन'ला घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. "पण याला नियम काय?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "नियम कसला? स्वभाव असतो एकेकाचा. तुझ्या आईला कारलं आवडत नाही, त्याला काही नियम आहे का?" क्रियाविशेषणांवरही तिची फार श्रद्धा. "'स्पीक' सगळेच करतात रे, 'स्पीक सॉफ्टली' किती जण करतात?" हे वाक्य ती शेजारच्या तीन वाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते.

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत लिफ्टपाशी एकदा नोटीस लागली होती, 'मेंबर्स विल डिस्कस अबाउट वॉटर'. आत्या आमच्याकडे जेवायला आली होती. तिने पर्समधून लाल पेन काढून 'अबाउट' खोडला. सेक्रेटरी धावत आले. "बाई, नोटिशीवर असं लिहायचं नसतं." आत्या म्हणाली, "'डिस्कस'पुढे 'अबाउट' येत नाही. तुम्ही पाण्याच्या आजूबाजूला चर्चा करता, म्हणून तुमचे टँकर संपत नाहीत." त्यानंतर आमच्या सोसायटीच्या नोटिसा मराठीत लागू लागल्या. माझ्या बहिणीला पाहायला आलेला एक मुलगा "आय वाँट दॅट माय वाइफ..." एवढंच बोलला आणि आत्याने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. मंडळी गेल्यावर म्हणाली, "'वाँट'पुढे आधी माणूस येतो, मग 'टू'. याने बायकोच्या आधी 'दॅट' उभा केला. हा घरात हुकूम सोडणार." बहीण सांगते की तिला तो मुलगा मुळातच आवडला नव्हता. पण ते स्थळ मोडल्याचं श्रेय आत्या आजही दुसऱ्या कोणाला देत नाही.

बाबा तिचे धाकटे भाऊ. वाडीतला आपला हिस्सा त्यांनी बिल्डरला विकला आणि आम्ही बोळिंजला राहायला आलो. त्या हिश्शात बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं जुनं तळं. दोघं भावंडं त्यातच पोहायला शिकली होती. बिल्डरने पहिल्याच उन्हाळ्यात भराव टाकून ते बुजवलं. आत्या भांडली नाही, रडली नाही. तिने बाबांशी बोलणं बंद केलं, एवढंच. येणं मात्र सोडलं नाही. गणपतीत यायची, नारळाच्या करंज्या आणायची, बाबांच्या समोर बसायची आणि मला म्हणायची, "पंखा जरा बारीक करायला सांग तुझ्या वडिलांना." बाबा मलाच म्हणायचे, "तिला सांग, रेग्युलेटर बिघडलाय." दोघांच्या मधोमध बसून मी हा टपाल विभाग वर्षानुवर्षं चालवला.

एकदा न राहवून मी तिला विचारलं, "आत्या, किती दिवस चालायचं हे?" तिने उत्तर दिलं ते व्याकरणात. "'शी स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे तिने बोलणं थांबवलं. 'शी स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे ती बोलण्यासाठी थांबली. थांबणं तेच, बोलणं तेच, आणि अर्थ बघ कुठच्या कुठे गेला." मी म्हटलं, "मग तुझं कोणतं?" "पहिलं," ती म्हणाली आणि ताटातला भात कालवू लागली. पण तो तिने नंतर खाल्ला नाही.

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आत्या निरोप मिळताच आली आणि हॉस्पिटलच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून राहिली. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी आम्हाला सांगितलं, "त्यांच्याशी सतत बोलत राहा. लहानपणचं, पाठ केलेलं, काहीही चालेल. जुनं आधी परत येतं." आई बोलत राहिली, मी बोलत राहिलो. पण बाबांचं लहानपण आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. ते ज्या एका माणसाकडे होतं ते कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन गप्प बसलं होतं. आई शेवटी कळवळून म्हणाली, "ताई, आता तरी."

आत्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली. काय बोलावं ते तिला सुचेना. इतक्या वर्षांचं काही सांगायला गेली असती तर बावखलापाशीच येऊन अडली असती. तिने घसा साफ केला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "लुक ॲट?" बाबा दहावीला असताना इंग्रजीत गटांगळ्या खात होते, तेव्हा हिने पडवीत बसवून त्यांच्याकडून हे घोकून घेतलं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं. बाबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. "पाहणे," तिनेच उत्तर दिलं. त्या दिवसापासून ती रोज दुपारी आगाशीहून बसने यायची आणि तेच तेच विचारायची. कंटाळली नाही, चिडली नाही. एका दुपारी तिने "लुक फॉर?" म्हटलं आणि बाबांच्या घशातून खरखर आली. "शो... ध."

आईने तोंडाला पदर लावला. आत्याचा आवाज मात्र वर्गातल्यासारखाच राहिला. "शोधणे. बरोबर. लुक आफ्टर?"

याचं उत्तर 'सांभाळणे'.  बाबांचा डावा हात चादर चुरगाळत होता.

"बाव... खल," ते म्हणाले.

चुकलेलं उत्तर दुरुस्त न करता सोडताना मी आत्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे ते. पुढचं विचारते तुला." 'तुला' म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, थेट त्यांच्याकडे बघून.

बाबा घरी आले, काठी घेऊन चालू लागले. शब्दही आले, पण क्रियापदं काही आली नाहीत. असं होतं म्हणे कधीकधी, नावं परत येतात आणि क्रिया मागे राहतात. "चहा... गॅलरी," बाबा म्हणतात. आम्ही अंदाज करत बसतो, आत्या मात्र चटकन म्हणते, "चहा गॅलरीत पिऊया." तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

परवाच्या रविवारी ती आली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. "ताई... वाडी... आपण," ते म्हणाले आणि थांबले. आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. विकली, राखायला हवी होती, जाऊया, काहीही असू शकलं असतं. तिने वाट पाहिली. बाबांच्या कपाळावर घाम आला, शब्द काही सापडेना.

"चपला घाल," आत्या म्हणाली.

रिक्षाने ती त्यांना आगाशीला घेऊन गेली. संध्याकाळी मी आणायला गेलो तेव्हा दोघं ओट्यावर बसून बाजारात जाणाऱ्या पुडीसाठी सोनचाफ्याची फुलं निवडत होती, बाबा डाव्या हाताने, हळूहळू. कुंपणापलीकडच्या इमारतीत एकेका घरातले दिवे लागत होते. दोघांनीही तिकडे पाठ केली होती. आत्या कुठल्याशा मेलेल्या म्हशीची गोष्ट सांगत होती आणि बाबा हसत होते.

"आत्या, निघायचं का?" मी विचारलं.

"तू जा," ती म्हणाली. "तो आज इथेच जेवेल. उद्या ने."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. एक दबलेलं फूल त्यांनी बाजूला काढलं आणि पुढच्याला हात घातला.