दोन बोटांची सेटिंग

नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाळूजच्या कंपनीत प्रेसखाली गेली, मधलं आणि त्याच्या शेजारची अनामिका. राहिले अंगठा, तर्जनी आणि करंगळी. "तीन तर आहेत की," असं जो तो सांगून जायचा. सांगणाऱ्याचं काय जातंय! दहा बोटं शाबूत असली की शहाणपण फार सुचतं.

कंपनीनं प्रेसवरून काढलं, पण वाऱ्यावर सोडलं नाही, हेही खरं. इन्स्पेक्शनमध्ये एक जागा होती. तिथं अरुंद ट्रॉलीवर लॅपटॉप ठेवून मशीनमशीन फिरायचं, डाव्या हातात तयार पार्ट धरायचा, उजव्या हातानं स्क्रीनवरचं ड्रॉइंग सरकवत बघायचं आणि मापं शीटमध्ये भरायची. माऊस ठेवायला जागा नाही, सगळा कारभार ट्रॅकपॅडवर. साहेब म्हणाले, "हात बसवा, मग ट्रायल घेऊ. जमलं तर जागा तुमची."

ती जागा ह्यांना किती हवी होती ते मला ठाऊक आहे. ड्रॉइंग वाचणं म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. प्रेसवर असतानासुद्धा कुणाचं कुठं अडलं की तो कागद घेऊन ह्यांच्याकडंच यायचा.

मी गुलमंडीजवळ टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवते, त्यामुळं कॉम्प्युटर म्हणजे घरचाच विषय. हर्सूलच्या आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाक उरकला की आम्ही लॅपटॉप उघडायचो. झूम करणं लगेच जमलं, त्याला अंगठा आणि तर्जनी पुरतात. घोडं अडलं ते ड्रॉइंगवरून शीटवर जाताना. त्यासाठी तीन बोटं एकत्र सरकवावी लागतात. ह्यांची तीन बोटं एका रेषेत येईचनात. अंगठा मागं राहायचा, करंगळी घसरायची. "च्यायला, ह्याला बी पूर्ण माणूसच पायजे व्हय!" म्हणून त्यांनी एकदा लॅपटॉप फाडकन मिटला. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

माझं डोकंच फिरलं. मशीनला बोटं देऊन बसलेल्या माणसाला आता दुसरं मशीन म्हणणार, तीन आण? मी एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं आणि सगळी सेटिंगच पालटली. दोन बोटं आडवी सरकवली की ड्रॉइंगवरून शीट. अंगठ्यानं कोपऱ्यात टॅप केलं की राइट क्लिक. करंगळीला ताण नको म्हणून पॉइंटरचा वेगही वाढवून ठेवला. आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत हात असा बसला! तर्जनी आणि करंगळी, मधे मोकळी जागा, आणि स्क्रीन सपासप पलटतेय. "बघ, लई भारी!" म्हणायचे. अपघातानंतर ते पहिल्यांदा हसले ते ह्या लॅपटॉपपुढं. मुलगी शेजारी वही घेऊन बसलेली असायची. ह्यांचं झालं की तोच लॅपटॉप ती घ्यायची.

ट्रायलला ते आपला लॅपटॉप घेऊन गेले. गेटवरच अडवला, बाहेरचं मशीन आत चालत नाही म्हणे. आत कंपनीच्या लॅपटॉपवर बसवलं. "सेटिंग बदलू का?" ह्यांनी विचारलं. "ती लॉक आहे, आयटीवाले पुण्यात बसतात." झालं! दोन बोटं सरकवली की ड्रॉइंगच आडवं पळायचं, पार स्क्रीनबाहेर. पुन्हा मधे आणायचं, पुन्हा तेच. खालच्या चिन्हावर क्लिक केलं तरी शीट उघडतं, हे काय त्यांना माहीत नव्हतं? ऑल्ट-टॅबसुद्धा शिकवलं होतं मी. पण सवय लागलेला हात घाईच्या वेळी डोक्याला विचारत नाही. सगळी मापं बिनचूक भरली त्यांनी. फक्त वेळ फार लागला. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "काम पक्कं आहे हो तुमचं, पण लाइन थांबून राहते."

आता ते स्टोअरमध्ये खोक्यांना टॅग बांधतात. "हाताला काम हाय ना, मंग बास," असं सासूबाई पिशोरहून फोनवर म्हणतात. त्यांचंही खरं आहे. पण माझा जीव तुटतो. एवढं मन लावून बसवलेला हात गेटबाहेरच राहिला. सेटिंग पालटली नसती, तर ती तीन बोटं रडतखडत का होईना, आली असती का एका रेषेत? कुणास ठाऊक. हा विचार पोळ्या लाटताना येतो, बसमध्ये येतो, काही केल्या जात नाही.

परवा रविवारी दुपारी मुलगी कॉलेजचं प्रोजेक्ट करत होती. हे चहा पीत तिच्या मागं उभे होते. एकदम त्यांनी कप खाली ठेवला, म्हणून मीही बघितलं. तिनं उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका मुडपून तळव्यात घेतली होती, आणि तर्जनी-करंगळीनं ती स्क्रीन पलटत होती. अगदी सहज. तिच्या गावीही नव्हतं.

हे जवळ गेले. तिची मुडपलेली बोटं त्यांनी एकेक करून उघडली. "सरळ ठेव बेटा. तुला हायत ना?"

"पण पप्पा, ह्याच्यावर असंच चालतं."

ते खुर्ची ओढून बसले, सेटिंग उघडली आणि मी केलेलं सगळं स्वतःच्या हातानं काढून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. मग तिला तीन बोटं ठेवायला लावली. तिनं सरकवली, स्क्रीन पलटली. "आस्सं," म्हणाले.

आता घरच्या लॅपटॉपवरही ह्यांचा हात चालत नाही.