पाच बायकांची मिळून एक पालक

आत्याने आयुष्यात एकही काम एकटीने केलं नाही. दात काढायला सरावलीला गेली तेव्हा चौघी सोबत होत्या. मोबाइलला रिचार्ज मारायचा तर दोघी. डहाणूच्या किनाऱ्यावर त्यांच्या आळीत बोंबील सुकत घातले की ज्या घरची बाई त्या दिवशी मोकळी असेल, तिने सगळ्यांचे राखायचे अशी वहिवाट होती. "कावळा विचारतो का, हा बोंबील कोणाचा? मग आपण कशाला विचारायचं?" असं आत्या म्हणायची.

२०१८ साली ती माझ्या यादीत अकराव्या क्रमांकावर आली. आमच्या संस्थेने त्रासदायक वागणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण काढलं होतं आणि तालुक्याच्या याद्या माझ्याकडे होत्या. जुई तिच्या भावाची मुलगी; जुईची आत्या म्हणून ती सगळ्या आळीची आत्या. आई नव्हती, बाप महिना-महिना बोटीवर. सात वर्षांची जुई हाताला लागेल ते फेकायची. पाटी, डबा, आणि एकदा मुख्याध्यापिकाबाईंचा चष्मा, तोही शाळेच्या विहिरीत. बाईंनी बजावलं की पालकाने प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र आणावं, नाहीतर दिवाळीनंतर मुलीला शाळेत पाठवू नये. बाप फोनवर म्हणाला, मग तलासरीला वसतिगृहात ठेवतो. हे मला सांगताना आत्या आवाज न चढवता एकच वाक्य बोलली, "ताई, तिला कुशीशिवाय झोप नाही लागत."

प्रशिक्षण शनिवारी, आळीच्या मंडळाच्या हॉलमध्ये, लॅपटॉपवर. पुण्याच्या मॅडम पडद्यावर यायच्या आणि रेंज गेली की तोंड उघडं ठेवून तशाच थांबायच्या. पहिल्या शनिवारी मी हजर होते. सूचना कशी द्यायची ते शिकवून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "मूल चिडलं की त्याला पाच मिनिटं एका शांत खोलीत बसवा." आत्याने हात वर केला. "मॅडम, आमच्याकडे शांत म्हणजे बिघडलेली होडी. तिच्यात बसवू?" मॅडमनी हसून हे लिहून घेतलं. मग पालकांनी स्वतःसाठीही वेळ काढावा, आवडीची कॉफी घेत निवांत बसावं, असं सांगितलं. मागून कोणीतरी विचारलं, "भरतीला की ओहोटीला?"

पुढचे शनिवार माझी दुसऱ्या केंद्रावर पाळी होती. हॉलच्या राखणदाराने हजेरीत दर वेळी लिहिलं, "आत्याकडून हजर". मी टिक करत गेले. इतकी वर्षं याद्या ठेवते, पण 'कडून' या शब्दापाशी थांबावं, हे मला सुचलं नाही.

ते कळलं घरभेटीत. मी ओट्यावर बसले आणि जुईने टोपाचं झाकण भिरकावलं. ते माझ्या पिशवीवर आदळलं. आत्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. कुंपणावरून हाक मारली, "अगो हिरू, ये लवकर, तुझा धडा आला!" शेजारची हिरू हात पुसत आली आणि जुईकडे पाठ करून समुद्र बघत उभी राहिली. दुर्लक्ष करण्याचं सत्र तिने केलं होतं. सूचना देण्याचं आत्याने, कौतुकाचं कोपऱ्यावरच्या वहिनीने, आणि उरलेली दोन आणखी दोघींनी. कोणाला कधी सवड असेल तसे शनिवार वाटून घेतले होते.

थोड्या वेळाने जुईने झाकण उचलून जागेवर ठेवलं. "आता कौतुक करा," मी कुजबुजले.

"वहिनी बाजारात गेलीय. आली की करेल."

"अहो, त्याच क्षणी करायचं असतं! तुम्हीच करा."

"तो धडा माझा नाही, ताई. माझ्याकडून चुकलं म्हणजे?"

जुई पायरीवर बसून राहिली. दोन तासांनी वहिनी टोपली घेऊन आली, झाकणाची हकिगत ऐकली आणि जुईला जवळ घेऊन यथासांग कौतुक केलं. एवढा वेळ मुलीने काहीही फेकलं नव्हतं. मॅडमच्या कोणत्याही सत्रात हे बसणारं नव्हतं.

प्रमाणपत्र अर्थातच आलं नाही. घरभेटीनंतर मी हजेरी जिची तिच्या नावावर केली, तेव्हा सिस्टिममध्ये पाच जणींपुढे पाच वेळा 'अपूर्ण' उमटलं. मी पुण्याला फोन केला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, पाच बायकांची मिळून एक पालक होत नाही."

दिवाळीआधी पाचही जणी जुईला घेऊन शाळेत गेल्या. मीही सोबत गेले; माझ्याकडे प्रमाणपत्राऐवजी घडलं ते खरं लिहिलेला एक साधा कागद होता. बाईंनी तो वाचला. "यात पालक कोण?" पाचही जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. जुईने टेबलावरचा शिक्का उचलून भिंतीवर मारला. हिरूने पाठ फिरवली. आत्या सावकाश म्हणाली, "जुई, शिक्का टेबलावर ठेव." बऱ्याच वेळाने जुई उठली, शिक्का आणला आणि टेबलावर ठेवला. या खेपेला वहिनी बाजारात नव्हती.

बाईंनी नवा चष्मा काढून पुसला. "मार्चपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "पण पालकसभेला सगळ्या येऊ नका, बाकं कमी आहेत." आत्याने जुईचा हात धरला तो आळीत पोहोचेपर्यंत सोडला नाही. मार्चमध्ये जुई पास झाली. तलासरीचं नाव बापाने पुन्हा काढलं नाही.

२०१९मध्ये तलासरीला बदली झाली ती माझी. निघताना आत्याने चिंतेने विचारलं, "तिकडे एकट्याच राहणार?" आजारपणाची चौकशी करावी तसा आवाज. पहिल्याच दिवशी केंद्रावर एक आजोबा नातीला घेऊन आले. मी सवयीने 'पालकाचे नाव' विचारलं. त्यांनी स्वतःचं सांगितलं आणि जरा घुटमळले. मी पेन खाली ठेवलं नाही. "बाबा, आणखी कोण कोण सांभाळतं हिला?" असं विचारून अर्ज उलटा केला आणि मागची कोरी बाजू पुढे घेतली.