गालाचं ठिगळ

आमच्या जामखेडच्या बँडातला एक क्लॅरिनेटवाला फुंकायला लागला की तिकडं खर्ड्याच्या किल्ल्याचे बुरूज हलायचे. पुढं तंबाखूनं त्याची जीभ खाल्ली. डॉक्टरांनी नासका भाग कापला आणि त्याच्याच गालातल्या मांसाचं ठिगळ तिथं लावलं. वाजवणं सुटलं, पण चहाच्या टपरीवर गडी बसला की गाल फुगलेलाच, कधी डावा, कधी उजवा!

"डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम हाय," म्हणायचा.

मला काय पटतंय? आत तंबाखूचा बार असणारच, म्हणून मी सापळा लावला. तंबाखू मळून तळहात पुढं केला. मळलेली तंबाखू आमच्याकडं कुणी नाकारत नाही. त्यानं सगळी उचलली. सापडला, म्हटलं!

त्यानं ती सरळ टपरीच्या चुलीत टाकली आणि मोबाईलची बत्ती लावली.

"आ करा, नाना."

"मी कशाला?"

"कराच. लई दिवस नजर हाय माजी तुमच्यावर."

मी आ केला. तो वाकून बघत राहिला.

"हितं पांढरं दिसतंय."

"चुना असंल रे."

त्यानं माझ्याच उपरण्याच्या टोकानं तिथं दोनदा घासलं.

"निघत न्हाई, नाना. सकाळच्या एसटीनं नगरला माज्या डॉक्टरकडं जायचं. मी येतो संगं."