स्वेटरसकट वजन

पाच डिसेंबर, सकाळचे साडेसहा. वजन एकाहत्तर किलो दोनशे. हजर: माझे वडील म्हणजे आबा, नर्स आणि मी. ठिकाण सांगलीतलं इस्पितळ.

आबांचं हृदय कमजोर झालेलं. अंगात पाणी साठून धाप लागायची. इंजेक्शननं पाणी उतरलं, आदल्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गोळ्यांवर वजन वाढलं नाही आणि धाप लागली नाही तरच घरी. नाहीतर चार दिवसांत परत आणाल, जास्त आजारी करून."

काल एकाहत्तर किलो तीनशे होतं. म्हणजे घटलं. आबा खूश. गावाकडं ऊसतोड सुरू व्हायची होती, आणि टोळी फडात शिरताना मालक बांधावर नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

"काढ गाडी," ते म्हणाले.

काल काट्यावर चढताना त्यांच्या अंगात लष्करातला जाड स्वेटर होता. आज नुसती बंडी.

"आबा, स्वेटर?"

"उकडतंय."

"डिसेंबरात?"

"तू काय कारखान्याचा काटेवाला हायस व्हय रं?"

नर्स हसली. मला हसू आलं नाही. साखर कारखान्यानं काटा मारला, उसाचं वजन कमी दाखवलं म्हणून गावात सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे आबाच. मी म्हणालो, "काल भरली गाडी तोलली, आज रिकामी. घाला आणि चढा."

बाहत्तर किलो शंभर.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या आणि थांबवून घेतलं. आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तोड त्यांच्याविना सुरू झाली. फोनवर टोळीच्या मुकादमाला "उसाचा बुडखा ठेवू नगंस" एवढं सांगतानाही ते मध्येच थांबत, श्वास घेत.

पुढं वजन उतरलं आणि तिथंच टिकलं. रात्री ते धाप न लागता उताणे झोपले. सकाळी फोनवर मुकादमाला त्यांनी असं झापलं, की सगळं एका दमात. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"सोडते यांना," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी वजन करा. कपडे तेच."

इस्पितळाचं बिल मी भरलं. वाटेत आबांनी औषधांच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली. स्वेटरसकट नव्या काट्यावर चढले. आकडा इस्पितळातलाच आला.

"बरोबर हाय," ते मला म्हणाले आणि बंडीच्या खिशातून काट्याचे साडेआठशे रुपये त्यांनी स्वतः दुकानदाराला दिले.